मामाजींची कॉम्फ्री आणि माझा चार्ड

मामाजी कुठलीही वस्तू आधी ठोकून बघत. टरबूज तर सगळं जगच ठोकतं. मामाजी ब्रेड ठोकत, नवी कढई ठोकत, औषधाची बाटलीसुद्धा ठोकत. आम्ही नागपुरात हुडकेश्वरला घर बघायला गेलो तेव्हा दलाल स्लॅबचं कौतुक सांगत होता आणि मामाजी बोटाच्या पेराने त्याच्या मागची भिंत वाजवत होते. मध्येच म्हणाले, "इथं पोकळ वाजून राहिलं." दलालाचं तोंड एवढंसं झालं. माझ्या नवऱ्याने, प्रशांतने, लाजून मान खाली घातली. मला मात्र हसू आवरेना. घर आम्ही तेच घेतलं, आणि पहिल्याच पावसाळ्यात ओल नेमकी त्या भिंतीला आली.

मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सुना सासऱ्याला मामाजीच म्हणतात. सावनेरकडच्या एका कोळसा खाणीत ते सरदार होते. सरदार म्हणजे पगडी-तलवारवाला नव्हे. पाळी सुरू व्हायच्या आधी जो आत जातो, काठीने छत ठोकत फिरतो, कुठे दगड सुटलाय ते आवाजावरून ओळखतो, हवा तपासतो आणि मगच बाकीच्यांना "या" म्हणतो, तो खाणीतला सरदार. उभी हयात त्यांनी हेच केलं. निवृत्त झाल्यावर खाण सुटली, ठोकणं तेवढं राहिलं.

लग्नानंतर मी पहिल्यांदा सांबारवडी केली त्या दिवसाची गोष्ट सांगते. कोवळा सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडून, खोबरं-खसखस भाजून, सगळी दुपार त्यात घालवली. पानं वाढली. मामाजींनी पहिली वडी उचलली, वास घेतला, खाल्ली आणि उठून खुर्चीवर डोळे मिटून बसले. बाकी कुणी ताटाला हात लावेना. वड्या निवत चालल्या. मला वाटलं, बाप्पा, हा काय प्रकार! स्वतःचं पोट भरलं की बाकीच्यांनी वाट बघायची? बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "खा. काही होत नाही." प्रशांत माझ्या कानाशी लागला, "खूश झाले बाबा. तारीफ केली." मी म्हटलं, ही तारीफ असेल तर टीका कशी असते ते मला बघायचं नाही.

पुढे कळलं की घरात येणारी प्रत्येक नवी गोष्ट याच वाटेने जायची. आंब्याची पहिली पेटी, नवा दूधवाला, शेजारून आलेला प्रसाद, सगळं आधी मामाजींच्या पोटात, मग थोडं थांबून आमच्या. भाजीवाला त्यांना बघून गल्ली बदलायचा. वांग्यावर तेल चोळलंय, मटाराला रंग दिलाय, सांबार नालीच्या पाण्यात धुतलाय असे आरोप ते त्याच्या तोंडावर करत आणि वर विचारत, "काहून रे, खोटं बोलून राहिलो का मी?" शेवटी त्यांनी जाहीर केलं की बाजारची पालेभाजी बंद, आपण आपली लावू. घरामागे जागा होतीच. काळी माती, एक लिंबाचं झाड आणि नळ. त्या जागेत आम्हा दोघांचं जमलं आणि त्याच जागेत बिनसलंसुद्धा.

बिनसलं ते चार्डवरून. थंडीतल्या फुलांच्या प्रदर्शनातून मी स्विस चार्डचं बी आणलं होतं. पालकाचा आणि बीटाचा नातलग. पान पालकासारखं, पण चांगलं रुंद आणि चुरगळलेलं. देठ लाल, पिवळे, गुलाबी. बाहेरची पानं तोडत जायची, आतून नवी येत राहतात. नागपूरची थंडी त्याला असली मानवली की महिन्या-दीड महिन्यात वाफा नुसता झळकायला लागला. मी आनंदाने मामाजींना हाक मारली.

"हे काय होय वं?"

"भाजी आहे मामाजी. पालकच समजा."

"रंग कायचा मारला?"

"मारला नाही. तसाच येतो."

"देवानं भाजीले हिरवा रंग देल्ला. हा कोणं देल्ला?"

त्यांनी खिशातून पांढरा रुमाल काढला, एक लाल देठ मोडला आणि खसाखसा घासला. रुमाल गुलाबी झाला. मग ते माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागले की जणू मीच ब्रश घेऊन रंगवत बसले होते. "पाय! सुटला."

"बीटाचा पण सुटतो की!"

"बीट मातीत तोंड लपवून ऱ्हायते. हे पाय कसं नटून उभं आहे. कोणाले दाखवाले नटलं हे?"

चार्ड त्यांनी चाखला नाही. जगाची उष्टावण करणारा माणूस माझ्या हातच्या भाजीला जीभ लावेना. आणि त्यांनी चाखलं नाही म्हणजे प्रशांतही खायचा नाही. "बाबांनी अजून बघितलं नाही ना," म्हणायचा, जसं काही सरकारी शिक्का राहिलाय. मी एकटीच ती भाजी डब्यात घालून बँकेत न्यायची. तिथे सगळ्यांना आवडायची. मला राग यायचा, आणि खरं सांगते, त्याहून जास्त वाईट वाटायचं. आईवेगळ्या घरात सून म्हणून आले होते, सगळं स्वयंपाकघर माझ्या एकटीवर होतं, आणि या माणसाने एकदा तरी न विचारता माझ्या हातचं काही खावं एवढीच माझी इच्छा होती.

याच सुमारास कॉम्फ्री आली. मामाजींच्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळींत ढोबळे साहेब म्हणून एक गृहस्थ होते. त्यांचे जावई हिमाचलात. तिकडून आणलेलं बोटभर काळं मूळ त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून मामाजींना दिलं. हाड जोडणारा पाला आहे म्हणाले. मोडलेल्या हाडावर बांधतात, काढा करून पितात. मामाजींनी ते मूळ ठोकलं, नखाने खरवडलं, हुंगलं आणि लिंबाच्या सावलीत पुरलं. थोड्याच दिवसांत त्यातून गाढवाच्या कानाएवढी पानं वर आली. पानांवर बारीक खरखरीत लव, हात लावला की खाज सुटायची.

मामाजी माझ्या वाफ्याकडे बघून म्हणाले, "हे पाय. ना रंग, ना ढंग. सिधी वस्तू."

मला त्या सिध्या वस्तूचा पहिल्या दिवसापासून संशय होता. कारण विचाराल तर सांगता आलं नसतं. मामाजींच्या घरात राहिलेलं माणूस एवढं तर शिकतंच.

मग काय, रोज संध्याकाळी आमची दोन वाफ्यांमध्ये उभं राहून जुंपायची. माझा चार्ड मार्चपर्यंत राजासारखा होता. एप्रिलचं ऊन लागलं तशी पानं दुपारी लोळागोळा व्हायला लागली, मी हिरवी जाळी बांधली, सकाळ-संध्याकाळ पाणी दिलं, तरी चव कडवट झाली आणि मधूनच तुरा निघाला. कॉम्फ्रीसुद्धा दुपारी मान टाकायची, पण संध्याकाळी एक तांब्या पाणी मिळालं की उठून उभी. पावसाळ्यात तर ती सुटलीच. खाली झुकलेली जांभळट घंटेसारखी फुलं, त्यावर मधमाश्या. खुरप्याने मुळाचा तुकडा तुटला तर त्याचंही झाड. चार्डला खत घाला, किडे वेचा, ऊन सांभाळा. कॉम्फ्रीला काहीच नको.

"तुही भाजी पाहुणी होय," मामाजी म्हणायचे. "हा घरचा माणूस."

"घरचा माणूस पसरून सगळी जागा खाऊन राहिला मामाजी. अन् स्वयंपाकघरात त्याचा उपयोग काय?"

त्यावर ते नुसते हसायचे.  

त्याच पावसाळ्यात बँकेतून येताना गिट्टीवर माझी गाडी घसरली आणि टोंगळ्याखालचं, म्हणजे गुडघ्याखालचं हाड मोडलं. प्लास्टर झालं, निघालं, फोटोत हाड जुळलेलं दिसलं, पण माझं लंगडणं काही गेलं नाही. पायऱ्या चढताना जीव जायचा. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल. मामाजी खोलीत बसून माझ्या चालण्याचा आवाज ऐकायचे. "एक पाय जड वाजून राहिला वं तुहा," म्हणायचे. मी म्हणायची, होईल बरा. 

आणि मग कॉम्फ्रीची पानं कमी व्हायला लागली.

आधी मला शेजारची बकरी वाटली. पण बकरी काही चाकूने तिरपं कापत नाही. पानं स्वयंपाकघरात येत नव्हती, कचऱ्यात दिसत नव्हती. मग एक दिवस चहाच्या गाळणीत बारीक पांढरी लव सापडली. मागच्या खोलीत ठेवलेल्या लहान गंजाला, म्हणजे पातेल्याला, काकडीसारखा हिरवट वास. मामाजी फिरून आले की थेट त्या खोलीत जायचे आणि दार लोटून घ्यायचे. या घरात दार लोटायची पद्धतच नव्हती.

"मामाजी, काय पिता आत?"

"चहा."

"चहा तर मी आत्ताच दिला."

"तुले कायले पाह्यजे एवढी चौकशी?"

जन्मभर दुसऱ्यांच्या चौकशा करणारा माणूस हे मला म्हणत होता! मी प्रशांतला सांगितलं. तो म्हणाला, "तू पक्की बाबांवर गेली." पण मी बघत होते. दोन भाकरी खाणारे मामाजी अर्धीवर आले होते. पोट जड आहे म्हणायचे. त्यांच्या डोळ्यांत मला पिवळी झाक दिसायची. प्रशांतला तो ट्यूबलाइटचा उजेड वाटायचा. ढोबळे साहेबांवर माझा इतका संशय वाढला की ते फाटकाशी येऊन नमस्कार करायचे आणि मी तो जेमतेम परत करायची.

माझ्या बँकेतल्या मैत्रिणीची बहीण कृषी महाविद्यालयात शिकवते. एक पान डब्यात घालून मी तिच्याकडे गेले. तिने बघताक्षणी ओळखलं. "अरे वा, कॉम्फ्री! बागेला फार चांगली. बादलीत कुजवून ते पाणी झाडांना घाला, कुठल्याही खताला ऐकत नाही." मग माझा चेहरा बघून थांबली. "कुणी पीत तर नाही ना? पूर्वी लोक प्यायचे. आता नको म्हणतात. लिव्हर खराब होतं."

घरी येऊन मी मामाजींना जसंच्या तसं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "त्या बाईनं कवा खाल्लं हे? खाल्लं नाही तं तिले काय मालूम?"

"मामाजी, ती शिकवते हे."

"तुले माहा पाला पहिल्यापासूनच पटत नाही. तुह्या रंगीत भाजीले कोणी विचारत नाही, तं तू याच्यावर उठली."

हे मला फार लागलं. मी ताट तसंच ठेवून उठून गेले. ढोबळ्यांचा शब्द खरा आणि माझा खोटा? रडले, प्रशांतवर ओरडले, त्याचं काही चुकलं नव्हतं तरी. पण नंतर राग मागे पडला आणि भीती तेवढी उरली. वाद घालून हा माणूस ऐकणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. आणि रोज सकाळी तो आत काय घेतोय हेही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी ते फिरून आले आणि दार लोटलं. मी लंगडत गेले आणि दार उघडून सरळ आत जाऊन बसले. ते स्टीलच्या ग्लासात हिरवं पाणी गाळत होते. मी ग्लास उचलला.

"काय करून राहिली वं?"

"हाडासाठी चांगलं आहे ना? हाड तर माझंच मोडलं. मी पिते."

ग्लास ओठाला लागायच्या आत त्यांनी असा फटका मारला की तो भिंतीवर जाऊन आदळला. माझी साडी, भिंत, देवाचं कॅलेंडर, सगळं हिरवं. मामाजी ओरडले.

"तुले नाही!"

"काहून? तुम्ही पिता तर मी काहून नाही?"

"मी पाहून ऱ्हायलो ना अजून!"

"काय पाहून राहिले?"

ते पलंगावर बसले. गाळणी हातातच होती. मग म्हणाले, "तुहा पाय जड वाजते. म्हटलं, मले दिवाळीपर्यंत काही झालं नाही, तं मंग तुले देईन. ढोबळेचं काय खरं मानाव? त्याचा काय भरोसा? म्हणून तं मीच पेऊन ऱ्हायलो."

म्हणजे त्यांचा ढोबळ्यांवरही विश्वास नव्हता, कॉम्फ्रीवरही नव्हता. माझ्या पायासाठी हा म्हातारा रोज सकाळी दार लोटून स्वतःला त्या पाल्याखाली घालत होता. आणि मी त्यांना हट्टी म्हणत होते. पण आधी त्यांना तिथून काढणं भाग होतं.

मी म्हटलं, "मामाजी, तुमचे डोळे पिवळे झाले. पाहणं झालं तुमचं. छत वाईट वाजून राहिलं. बाहेर या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग गाळणी खाली ठेवली, चप्पल घातली आणि म्हणाले, "चाल, कुठं रक्त द्या लागते?"

रिपोर्ट वाईट आला. मामाजींनी लॅबवर संशय घेतला, दुसऱ्या मोहल्ल्यातल्या लॅबमध्ये जाऊन पुन्हा रक्त दिलं. तोही तसाच आला तेव्हा मानलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत थांबलात. काही महिन्यांनी आकडे जागेवर आले आणि भाकऱ्याही. ढोबळे साहेबांशी त्यांनी बोलणं टाकलं नाही. त्यांच्या घरचा चहा तेवढा बंद केला. "माणूस चांगला आहे," म्हणायचे, "पण ठोकून पाहात नाही काही."

कॉम्फ्री उपटायचा त्यांनी चंग बांधला. पण ती काय उपटली जाते! जितकं खणावं तितके तुकडे, आणि जितके तुकडे तितकी झाडं. शेवटी कृषीवाल्या मॅडमनी सांगितलं तसं त्यांनी कोपऱ्यात एक ड्रम ठेवला, पाला कापून त्यात कुजवायला टाकला. वास असा की शेजारीण विचारायला आली, काही मेलंय का. ते काळं पाणी पातळ करून मामाजी स्वतः माझ्या चार्डला घालायला लागले. त्या थंडीत चार्डची पानं सुपाएवढी झाली. माझा पायही एव्हाना आपोआप बरा झाला होता. मी म्हटलं, "आता तरी चाखा मामाजी."

"आतापर्यंत तं नुसता रंग होता," ते म्हणाले. "आता माहा पालाबी गेला त्यात. डबल संशय."

पुढच्या थंडीत त्यांची छाती भरली. खाणीतली धूळ कधीतरी हिशेब मागतेच, असं डॉक्टर म्हणाले. मी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं की तो पाला तर याला कारण नाही ना. ते म्हणाले, नाही, लिव्हर ठीक आहे, वय झालंय. माझा अजून पूर्ण विश्वास बसलेला नाही. दवाखान्यातून त्यांना घरी आणलं तेव्हा प्रशांतला सांगण्यात आलं होतं की जे आवडेल ते द्या. दवाखान्यात असेपर्यंत मात्र ते गोळ्या उजेडात धरून बघायचे, नर्सला कंपनीचं नाव विचारायचे. नर्स वैतागायची आणि मला बरं वाटायचं.

ते गेले त्याच्या दोन-चार दिवस आधीची ही दुपार. मागच्या वाफ्यात तेव्हा फक्त चार्ड तयार होता. मी त्याची डाळभाजी केली, मऊ घोटली, लसणाची फोडणी दिली. लाल देठांनी डाळीला गुलाबी रंग आला होता. मला वाटलं, बघतील, तोंड फिरवतील, मला चार शब्द ऐकवतील. खरं तर मी त्यासाठीच केली होती. त्यांना उशीला टेकवून बसवलं आणि पहिला चमचा भरला.

"मामाजी, चार्ड आहे. लाल देठाचा."

त्यांनी तोंड उघडलं.

वास घेतला नाही. वाटी ठोकली नाही. मी भरवलं, त्यांनी गिळलं. इतकी वर्षं मी हेच मागत होते की यांनी एकदा माझ्या हातचं न विचारता खावं. आणि ते खात होते, तर मला ते नको होतं.

"मामाजी, विचारा ना," मी म्हटलं. "विचारा, रंग कायचा आहे म्हणून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळखीचं पाहिलं, प्रेमाने पाहिलं, आणि पुन्हा तोंड उघडलं.

 डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी भरवत होते. प्रशांत दारात येऊन घाबरून म्हणाला, "काय झालं? खात नाहीत का?"

"खाऊन राहिले," मी म्हटलं.